रेल्वे माहितीपट पाहताना आधी नकाशा उघडा

पेटची किंवा सेट-नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, टीव्हीवरचा कार्यक्रम इतिहासाचं साधन म्हणून चालतो का? चालतो. फक्त तो ज्या देशाविषयी आहे त्या देशाबद्दल तो फार काही सांगेल अशी आशा ठेवू नका. प्रवासाच्या माहितीपटात सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे त्याचा मार्ग. निवेदक काय बोलतो ते नंतर बघू. गाडी कुठून गेली, कुठून गेली नाही आणि का, इथून सुरुवात करायची.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ, पेण आणि रोह्याचं.

लांब पल्ल्याच्या रेल्वेप्रवासाचे माहितीपट लोकप्रिय केले ते बीबीसीने. १९८० साली ‘ग्रेट रेल्वे जर्नीज ऑफ द वर्ल्ड’ ही सात भागांची मालिका आली. प्रत्येक भागाला वेगळा निवेदक आणि वेगळा देश. मायकल पेलिन हा पुढे जगभर प्रवास करणारा माणूस इथेच पहिल्यांदा प्रवासी म्हणून दिसला. भारतावरचा भाग ब्रायन थॉम्पसनचा होता, मुंबई ते कोचीन. त्याचं नाव ‘डेक्कन’.

आता नकाशा उघडा. मुंबई आणि कोचीन, दोन्ही समुद्राकाठची बंदरं, एकाच किनाऱ्यावरची. मग नाव ‘डेक्कन’ कसं? कारण १९८० साली या दोन शहरांना किनाऱ्याने जोडणारे रूळच नव्हते. दिव्याहून पनवेलमार्गे निघालेली लाइन १९६६ पासून आपट्याला थांबली होती. पेण तिथून हाकेच्या अंतरावर, पण तिथे गाडी नाही. कोचीनला जायचं तर घाट चढून देशावर जायचं आणि तिथून दक्षिणेला उतरायचं. गंमत म्हणजे १९७७ ते १९७९ या काळात देशाचे रेल्वेमंत्री होते मधु दंडवते, राजापूरचे खासदार, म्हणजे कोकणातलेच. म्हणजे बीबीसीने कोकण ‘वगळलं’ असं लिहिलंत तर ते वाक्य टिकणार नाही. कॅमेऱ्याच्या आधी रुळांनीच वगळलं होतं. कोणती अनुपस्थिती दिग्दर्शकाची आणि कोणती सरकारी गुंतवणुकीची, हा फरक प्रबंधात फार उपयोगी पडतो.

रोह्याला रूळ पोचले १९८६ साली. त्याच वर्षी दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची ‘यात्रा’ आली. ती माहितीपट नव्हे, कथामालिका; पण ओम पुरींना घेऊन हिमसागर एक्स्प्रेसने कन्याकुमारी ते जम्मू असा अख्खा देश तिने रेल्वेतून दाखवला. एकाच वर्षात पडद्यावरची रेल्वे देशाची दोन टोकं जोडत होती आणि प्रत्यक्षातली रेल्वे कशीबशी कुंडलिकेपर्यंत आली होती. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कारण-परिणाम काढू नका. पण दोन्ही तारखा शेजारी लिहून ठेवा.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, ई. श्रीधरन प्रमुख. रोह्यापासून दक्षिणेकडे काम सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. नव्वदच्या वर बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंच पूल. हे सगळं टीव्हीसाठीच बांधल्यासारखं आहे. २०१२ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ५ वर क्रिस टॅरंटची ‘एक्स्ट्रीम रेल्वेज’ मालिका आली, त्यात ही लाइन ‘इंडियाज मान्सून रेल्वे’ झाली. म्हणजे १९८० मध्ये जो किनारा नव्हताच, तो बत्तीस वर्षांनी ‘एक्स्ट्रीम’ म्हणून आला. मधल्या पायरीवर, नुसती साधी रेल्वे म्हणून, तो कधी आलाच नाही!

पावसाची भीती खोटी नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मोठे अपघात झाले, दोन्ही ऐन पावसात, दरडी-दगडांमुळे. त्याच धोक्यासाठी पावसाळ्यात वेगळं, धिमं वेळापत्रक असतं. पण ४ मे २०१४ ला दिवा–सावंतवाडी पॅसेंजर घसरली ती नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये, निडीजवळ. वीसच्या आसपास माणसं गेली. मे महिना होता. आणि ती लाइन कोकण रेल्वेची नव्हे, मध्य रेल्वेची. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून पुढे. ‘मान्सून रेल्वे’ या चौकटीत हा अपघात कुठेच बसत नाही. म्हणून मला वाटतं, ‘थरार’ हा शब्द दिसला की संशोधकाने थांबून विचारावं, या शब्दामुळे कोणता धोका दिसेनासा झाला?

आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये मायकल पोर्टिलो भारतात आला, हातात १९१३ चं ब्रॅडशॉचं प्रवासमार्गदर्शक घेऊन. मालिकेच्या चार भागांत अमृतसर–सिमला, जोधपूर–दिल्ली, लखनौ–कोलकाता आणि म्हैसूर–चेन्नई. १९१३ साली पेणला येणारा माणूस मुंबईहून धरमतरपर्यंत बोटीने यायचा. जे पुस्तक हातात घेऊन निघालात त्यात जी लाइनच नाही, ती तुम्हाला कशी भेटणार? साधन निवडलं की अर्धा निष्कर्ष तिथेच ठरतो. आपल्या प्रबंधांचंही हेच होतं, आपण गॅझेटियर हातात घेऊन निघतो.

मग काहीच न निवडता सगळं दाखवलं तर? नॉर्वेच्या एनआरकेने २००९ मध्ये तेच केलं. बर्गन लाइनच्या शताब्दीनिमित्त बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून लांब प्रवास जवळपास जसाच्या तसा दाखवला. लोकांनी तो आवडीने पाहिलाही. असा कॅमेरा दिवा–रोहा गाडीवर लावला तर आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी सगळं येईल. पण इंजिनावरच्या कॅमेऱ्याला समोरचे रूळ दिसतात. हमरापूरच्या कारखान्यांत वाळणारे गणपती, थळच्या खत कारखान्याकडे पेणहून फुटणारा मालगाडीचा फाटा, क्रॉसिंगला खोळंबल्यावर डब्यात चालणाऱ्या गप्पा, हे बाजूला आणि मागे राहतं.

काम सुरू करायचं असेल तर एक माहितीपट घ्या आणि वहीत चार रकाने आखा: मिनिट, ठिकाण, कोण बोलतं, गाडी चालू की थांबलेली. शेवटचा रकाना विसरू नका. स्थानिक माणूस बहुधा गाडी थांबल्यावरच बोलतो. मग त्या वर्षीचं रेल्वेचं वेळापत्रक शेजारी ठेवा. आणि रोह्याला जाऊन मुलाखती घ्या. १९८६ साली कॉलेजसाठी पहिल्यांदा गाडीत बसलेली मुलं-मुली आता साठीच्या आसपास आहेत. गाडी येण्याआधीचा एसटीचा आणि बोटीचा प्रवास ज्यांनी मोठेपणी केला, ते ऐंशीच्या पुढे. मुलाखतींची यादी त्यांच्यापासून सुरू करा.