पाच प्रोटीन बार आणि एक चिक्की

तर झालं असं, की गेल्या महिन्यात मी ३०० किलोमीटरच्या बीआरएमला उतरलो. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात सायकलवर कापायचं. नंबर नाही, बक्षीस नाही, फक्त घड्याळ. ३०० किलोमीटरला २० तास मिळतात. आमचा रस्ता पुण्याहून सातारा ओलांडून उंब्रजच्या जवळपास, आणि तसंच परत.

जाताना सगळं झकास. खंबाटकी चढलो, साताऱ्यात फोटो काढले, ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकून वाहवा मिळवली. परतताना पाचवडच्या पुढे, साधारण २१५ किलोमीटरवर, एकदम दिवे गेले. पाय दुखायचं सोडा, ते माझे आहेत असंच वाटेना. घाम गार पडला, हात थरथरायला लागले. पुणे ८५ किलोमीटर राहिलं म्हणजे अजून किती तास, हा भागाकार तीनदा करूनही जमेना. इंजिनियरिंगची डिग्री असलेल्या माणसाला! तासभर सायकल ढकलत चाललो तेव्हा कुठे एक टपरी दिसली.

"मावशी, एक चहा."

"आरं बाळा, त्वांड बघ कसं उतरलंय. सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई?"

"खाल्लंय की. पाच प्रोटीन बार."

"त्ये काय आसतंय?" असं म्हणत मावशींनी न विचारताच चहात साखर वाढवली आणि बरणीतून शेंगदाण्याची चिक्की काढून हातावर ठेवली.

दुसरा चहा संपेपर्यंत भागाकार जमायला लागला. पुण्याला पोचलो तेव्हा २० तास ४० मिनिटं झाली होती. म्हणजे नापास, ४० मिनिटांनी.

सोमवारी डेस्कवर बसून रीतसर रूट कॉज ॲनालिसिस सुरू केलं. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की मी केलेली चूक निदान दीडशे वर्षं जुनी आहे. अगदी मोठमोठ्या लोकांनी केलेली. जरा बरं वाटलं!

सायकलवाल्यांच्या भाषेत माझं जे झालं त्याला 'बाँक' म्हणतात. फ्रेंच लोक 'फ्रँगाल' म्हणतात. आपलं शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास. सगळं मिळून २००० कॅलरी धरा. चरबीचा साठा याच्या कितीतरी पट असतो, पण त्यातून ऊर्जा हळूहळू निघते. जोरात पेडल मारायचं तर साखर लागते, आणि मेंदूलाही मुख्यतः तीच लागते. टाकी रिकामी झाली की पायांबरोबर डोकंही बंद. माझ्या भागाकाराचं कोडं इथे सुटलं.

आता प्रश्न असा, की साखर लागते हे माणसाला कधी कळलं? उत्तर ऐकून मी चाट पडलो. हे बऱ्यापैकी आधी कळलं होतं.

एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग हे जर्मन रसायनशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांचं मत असं, की स्नायू काम करताना स्वतःचंच प्रथिन जाळतात. म्हणजे ताकद हवी तर मांस खा. १८६५ मध्ये त्यांच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी कंपनीही लंडनमध्ये उभी राहिली. नेमक्या त्याच वर्षी फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. चढाई १९५० मीटरच्या वर. आदल्या दिवसापासून प्रथिनं बंद. खाणं काय, तर स्टार्चच्या तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा. (उपासाचा साबुदाणा वडा आणि चहाच की हो!) वाटेत दोघांनी स्वतःची लघवी गोळा केली, त्यातला नायट्रोजन मोजला आणि किती प्रथिन जळलं ते काढलं. चढाईला लागलेल्या ऊर्जेचा हिशेब त्या प्रथिनातून काही केल्या जुळेना. उरलेलं काम पिठाने आणि चरबीने केलं होतं. १८६६ मध्ये हे छापून आलं.

विषय संपायला हवा होता ना? पण रिलीज नोट्स वाचतो कोण!

१८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ हा गडी ७१ तासांहून थोड्या जास्त वेळात, जवळजवळ न झोपता पहिला आला. आमच्या बीआरएमचं मूळ गाव हेच. ती शर्यत आता शर्यत राहिलेली नाही. दर चार वर्षांनी ९० तासांची मुदत देऊन होते आणि २०१९, २०२३ मध्ये भारतातूनही पुष्कळजण गेले. तिच्या नावाचा चाकाच्या आकाराचा एक पेस्ट्रीचा प्रकारही फ्रान्समध्ये मिळतो. असो.

माझा आवडता माणूस मात्र मोरिस गारँ. १९०३ च्या पहिल्या टूर द फ्रान्सचा विजेता. त्या टूरचा पहिलाच टप्पा पॅरिस ते लियाँ, ४६७ किलोमीटर. गारँने तो पावणेअठरा तासांत संपवला. ६० जण निघाले होते, शेवटपर्यंत २१ पोचले. याच गारँने त्याआधी, १८९० च्या दशकात, पॅरिसमध्ये कडाक्याच्या थंडीत २४ तासांची एक शर्यत जिंकली. त्या दिवशी त्याने काय खाल्लं याची यादी सांगितली जाते ती अशी: १९ लिटर गरम चॉकलेट, ७ लिटर चहा, ८ अंडी, शँपेन घातलेली कॉफी, ४५ कटलेट, ५ लिटर टॅपिओका, २ किलो भात आणि वर ऑयस्टर.

या यादीकडे मी पुन्हा पुन्हा बघत बसलो. पंचेचाळीस कटलेट लीबिगसाहेबांच्या नावाने. पण सायकल चालवली कुणी? चॉकलेट, गोड चहा, भात आणि टॅपिओका, म्हणजे आपल्याकडे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, यांनी. गारँला बहुतेक वाटलं असेल की कटलेटनी जिंकलो. ज्यावर विश्वास असतो त्यालाच श्रेय मिळतं, प्रोजेक्टमध्ये मिळतं तसंच.

यानंतर विज्ञानाने एकाच मुद्द्यावर पुन्हा पुन्हा शिक्का मारला. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये सॅम्युएल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे शेवटी गलितगात्र झाले होते त्यांची रक्तशर्करा तळाला गेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावता धावता गोळ्या-मिठाई खायला दिली आणि परिस्थिती सुधारली. इतका साधा प्रयोग.

सायकलच्या बाबतीतला सगळ्यात भारी प्रयोग १९६६ चा, स्वीडनमधला. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी एकच स्थिर सायकल घेतली. एक या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारायचं, तो पाय पार रिकामा होईपर्यंत. दुसरा पाय आरामात. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण, आणि स्वतःच्याच मांड्यांमधून सुईने तुकडे काढून तपासणी. दमलेल्या पायात आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट ग्लायकोजेन साठलं होतं. शर्यतीच्या आधी पास्ता-भात हाणण्याच्या प्रथेमागे हा प्रयोग आहे.

पण हे झालं निघण्याआधीचं. वाटेत खाऊन काय होतं? १९८६ मध्ये टेक्सासमधल्या एडवर्ड कॉइल यांनी कसलेल्या सायकलपटूंना दमेपर्यंत पळवलं. नुसतं पाणी दिलं तेव्हा ते तीन तास टिकले. साखरेचं पेय देत राहिलं तेव्हा चार तास. मला पाचवडला नेमका हाच तास हवा होता.

त्याच सुमारास बारचा धंदा सुरू झाला. ब्रायन मॅक्सवेल हा कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू १९८३ मध्ये लंडनच्या शर्यतीत शेवटी गळपटला आणि त्या चिडीतून १९८६ मध्ये पॉवरबार निघाला. १९९० मध्ये गॅरी एरिक्सन १७५ मैलांच्या, म्हणजे २८० किलोमीटरच्या राइडवर बार खाऊन खाऊन इतका कंटाळला की शेवटचा बार घशाखाली उतरेना. घरी येऊन त्याने आईच्या स्वयंपाकघरात स्वतःचा बार बनवला. तो क्लिफ बार. यातला धडा महत्त्वाचा: दहाव्या तासाला जे तोंडात घालवत नाही, त्याच्या पाकिटावरचे आकडे काय चाटायचे?

आणि एवढं सगळं ठाऊक असूनही चूक होतेच. २०१३ च्या टूरमध्ये आल्प द्युएझच्या चढावर, शेवटच्या काही किलोमीटरमध्ये, ख्रिस फ्रूमची साखर उतरली. तिथे गाडीतून खाणं घ्यायला बंदी होती. साथीदार रिची पोर्टने गाडीतून जेल आणून दिलं आणि २० सेकंदांचा दंड झाला. टूर मात्र फ्रूमनेच जिंकली. माझ्या मते सायकलच्या इतिहासातला तो सगळ्यात महाग आणि तरीही परवडलेला खाऊ.

मग भरपूर साखर कोंबली की झालं? तिथेही मेख आहे. जळण कितीही लागू दे, आतड्याची पाइप ठरलेल्या रुंदीची. ग्लुकोज आत घेणारा एक दरवाजा तासाला साधारण ६० ग्रॅमवर अडकतो. पण फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा आहे. २००४ च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये आस्कर ज्यूकेनड्रूप यांच्या गटाने दोन्ही एकत्र देऊन दाखवलं, की मर्यादा तासाला ९० ग्रॅमच्याही पुढे जाते. दोन पोर्ट, जास्त थ्रुपुट. आजची महागडी जेल याच तत्त्वावर बनतात.

आणि आता गंमत ऐका. साधी साखर म्हणजे काय? एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडून झालेला रेणू. गूळही मुख्यतः तोच. म्हणजे मावशींच्या चहात आणि चिक्कीत दोन्ही दरवाजांची किल्ली होती. केळ्यातही दोन्ही साखरा असतात. २०१२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड नीमन यांच्या गटाने १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर पळवलं, एकदा केळी देऊन, एकदा स्पोर्ट्स ड्रिंक देऊन. वेळेत फरक पडला नाही. जळगावकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

याचा अर्थ जेल म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. चढावर धाप लागलेली असताना शेंगदाणे चावणं कठीण असतं, आणि शेंगदाण्यातली चरबी पोटात रेंगाळते. जेल पटकन गिळता येतं, मोजता येतं. आपण पैसे देतो ते या सोयीचे. आणि प्रथिनंही वाईट नाहीत, राइड संपल्यावर शरीराच्या डागडुजीला ती हवीतच. माझी चूक इतकीच, की गवंडी लागतो तिथे ड्रायव्हर पाठवावा तशी मी ड्रायव्हरच्या जागी गवंडी बसवला. 'प्रोटीन म्हणजे ताकद' हे वाक्य जाहिरातीत वाचलं आणि फिक-विस्लिसेनसना दीडशे वर्षांनी पुन्हा खोटं पाडायला निघालो.

पुढच्या शनिवारी पहाटे पुन्हा ३०० आहे. रस्ता तोच. या वेळी घड्याळात दर वीस मिनिटांचा अलार्म लावलाय, भूक लागो न लागो. पिशवीत केळी, राजगिऱ्याचे लाडू, साखर-मीठ-लिंबाच्या दोन बाटल्या, आणि शेवटच्या चढासाठी तीन जेल. गेले तीन रविवार सिंहगडाकडे जाताना हेच खाऊन पोटाला सवय करतोय, कारण पोटालाही सराव लागतो.

पाचवडच्या पुढे मात्र थांबणार आहे. घड्याळाने परवानगी दिली तर दहा मिनिटं. मावशींना सांगायचंय, की प्रोटीन बार म्हणजे काय ते मला आत्ता कळलं.