काचपेटीतली पहाट : मत्स्यालयाच्या प्रकाशाचा इतिहास

१/१२
ऐरोलीत सूर्य पारसिकच्या डोंगरामागून उगवतो आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे, मुलुंडच्या बाजूस मावळतो. सूर्यास्तानंतर २२ ते २५ मिनिटे संधिप्रकाश टिकतो. खाडीतल्या माशावर अंधार असा हळूहळू उतरतो. घरातल्या काचपेटीतल्या माशावर मात्र तो बटण दाबताच कोसळतो. हरवलेली ही संध्याकाळ काचेत परत आणण्यास माणसाला सुमारे दीडशे वर्षे लागली.

२/१२
आरंभ लंडनमध्ये झाला. रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला : एका पात्रात पाणवनस्पती, दोन सोनमासे आणि सडलेली पाने खाणाऱ्या गोगलगायी. वनस्पती प्राणवायू देत आणि मासे जगत. मात्र वनस्पतीस प्राणवायू निर्माण करण्यासाठी उजेड हवा. म्हणजेच आधुनिक मत्स्यालय जन्मापासूनच प्रकाशावर अवलंबून होते.

३/१२
१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचवला. त्या काळच्या पेट्या खिडकीपाशी ठेवीत. उजेड अधिक झाला की पाणी तापे आणि काचेवर शेवाळ धरे. तरीही एक गोष्ट फुकट मिळे : खरी पहाट आणि खरी सांज.

४/१२
विजेने हे चित्र पालटले. पेट्या अंधाऱ्या दालनात गेल्या आणि दिवे त्यांच्या डोक्यावर आले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. विजेमुळे प्रकाश किती आणि किती तास द्यायचा, हे माणसाच्या हाती आले. पण साध्या बटणाला दोनच अवस्था ठाऊक होत्या : चालू आणि बंद.

५/१२
याने बिघडते काय? बहुतेक माशांना पापण्या नसतात, आणि त्यांची बाहुली आपल्यासारखी झटकन आकसत नाही. त्याऐवजी दृष्टिपटलातील दंडपेशी, शंकुपेशी आणि रंगद्रव्य यांची प्रत्यक्ष जागा बदलते. या हालचालीस कित्येक मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. तोवर मासा एका अर्थी दिपलेला किंवा आंधळा असतो.

६/१२
प्रकाश केवळ डोळ्यांनाच कळतो असेही नाही. १९११ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवले की दृष्टी गेलेला मिनो मासाही उजेड-अंधारानुसार अंगाचा रंग बदलतो. मेंदूवरील पिनिअल भागास प्रकाशाची जाण असते. माशाच्या दिवसरात्रीच्या घड्याळाशी या भागाचा निकटचा संबंध आहे.

७/१२
म्हणूनच काळोखात एकाएकी दिवा लागला की काही मासे दचकून काचेवर आपटतात किंवा पेटीबाहेर उडी घेतात. जाणत्या मत्स्यपालकांनी यावर साधा तोडगा काढला : आधी खोलीतला दिवा लावायचा, काही वेळाने पेटीतला. रात्री क्रम उलटा.

८/१२
पुढे टायमर आले. दोन-तीन ट्यूबलाइट एकामागून एक लावण्याची सोय झाली. हीदेखील पहाटच, पण पायऱ्यांची. साध्या चोकवर चालणारी ट्यूब मंद करता येत नसे.

९/१२
खरा बदल एलईडीने घडवला. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करता येतो. त्यातील ‘चालू’चा वाटा हळूहळू वाढवत नेला की डोळ्यास उजाडल्यासारखे भासते.

१०/१२
तरी एक पेच उरतो. भर दुपारचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे चार लाख पट असतो, आणि डोळ्याला बेरीज नव्हे, पट जाणवते. दिवा दर मिनिटाला सारखाच वाढवला तर पहिल्याच मिनिटाला धक्का बसतो. म्हणून चांगल्या यंत्रणेत प्रकाश आरंभी अतिशय सावकाश वाढतो, नंतर वेगाने.

११/१२
यातून केवळ शोभा साधली नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी दिवसाची लांबी, पाण्याचे ऋतुमान आणि चांदणे यांची नक्कल करून बंदिस्त प्रवाळांकडून प्रजनन घडवले. २०१९ मध्ये फ्लोरिडा अक्वेरियमने त्यांच्याच साह्याने संकटग्रस्त ‘पिलर’ प्रवाळाचे प्रजनन प्रयोगशाळेत साधले. प्रवाळांना चंद्राची तिथी लागते, हे यातून पुन्हा सिद्ध झाले.

१२/१२
खाडीकाठच्या कोळ्यांना यात नवल वाटणार नाही. उधाण आणि भांग चंद्रावरून ओळखूनच त्यांची जाळी पडत आली. ऐरोलीलगतच्या ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ. पण दोन्ही काठांवर आता शहराचे दिवे रात्रभर जळतात. काचपेटीत संध्याकाळ परत आणणाऱ्या माणसापुढे आता तोच प्रश्न खाडीच्या बाबतीत उभा आहे. तिथे यंत्र लागत नाही, दिवे आवरावे लागतात.

(समाप्त)