शकुंतलेचं इंजिन, नऊ मिलिमीटरमध्ये

एपिसोड ऐकायचा राहिला असेल, किंवा गाडीत नेटवर्क गेलं असेल, तर हे घ्या लिखित स्वरूपात. आज विषय आहे मॉडेल ट्रेनचं इंजिन. कमी पैशात, पण टिकणारं. आणि त्यासाठी आपण जाणार आहोत थेट मूर्तिजापूर जंक्शनला.

सुरुवात माझ्या फजितीपासून. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी आबाजींसाठी, म्हणजे माझ्या आजोबांसाठी, छोटं वाफेचं इंजिन ऑनलाइन मागवलं. त्यांचं अर्धं आयुष्य शकुंतला एक्सप्रेसने येण्या-जाण्यात गेलेलं. इंजिन दिसायला एक नंबर, किंमतही खिशाला परवडणारी. तीन महिन्यांत आतलं प्लॅस्टिकचं गिअर तडकलं. सुटा भाग मिळेना, विक्रेत्याने हात वर केले. आबाजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "जे दुरुस्त होत नाही थे काय कामाचं, बाप्पा?"

या एका वाक्यात शकुंतलेचा अख्खा इतिहास आहे. कसा, ते सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस लवकरात लवकर मुंबई बंदरात पोचवणं ही इंग्रजांची गरज होती. मुख्य ब्रॉडगेज लाईन तर होतीच. पण अचलपूर, यवतमाळकडचा माल तिच्यापर्यंत आणायचा कसा? मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर मध्यभागी, एका बाजूला यवतमाळ ११३ किलोमीटर, दुसऱ्या बाजूला अचलपूर ७६ किलोमीटर. रूळ नॅरोगेज, दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. का? कारण अरुंद रूळ म्हणजे जागा कमी, पूल लहान, खर्च कमी. थोडक्यात, शकुंतला जन्मापासूनच 'बजेट मॉडेल' होती!

या लाईनवरचं वाफेचं झेडडी इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं. म्हणजे बघा, आपला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत जात होता आणि तो ओढणारं इंजिन तिकडूनच येत होतं. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. सत्तरहून जास्त वर्षं! आपला फोन तीन वर्षांत हँग व्हायला लागतो. ते इंजिन फार वेगवान होतं म्हणून टिकलं का? मुळीच नाही. गाडी ताशी वीसेक किलोमीटरने जायची. ते टिकलं, कारण वाफेच्या इंजिनात बिघाड समोर दिसतो. दांडे, झडपा, चाकं सगळं बाहेर. भाग झिजला तर लेथवर नवा करून घेता येतो. पान्हा हातात असलेल्या माणसाला ते इंजिन उघडता येत होतं.

मॉडेल घेतानाही हाच नियम. आधी थोडं गणित करू.

मॉडेल रेल्वेत सगळ्यात चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर. हे माप युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांवरून आलंय. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. त्याला ८७ ने भागलं की १९.३ येतात. म्हणजे एचओ रुळांवर राजधानी चालवली की ती मापात थोडी चुकतेच. आता शकुंतला घ्या. ७६२ भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि 'एन गेज' नावाचे तयार रूळ मिळतात ९ मिलिमीटरचे! जवळपास तंतोतंत. जी गाडी खऱ्या जगात मागे पडली, ती मॉडेलमध्ये सगळ्यात सोपी निघाली.

म्हणून माझा आताचा सल्ला असा. शकुंतलेचं मॉडेल हवं असेल तर पूर्ण इंजिन शोधत बसू नका. एन गेजची चांगली चासी घ्या, म्हणजे मोटर, गिअर आणि चाकांचा खालचा सांगाडा. जपानची काटो कंपनी १९६५ पासून एन गेजमध्ये आहे आणि अशा छोट्या मोटरवाल्या चासी वेगळ्या विकते. वरची बॉडी पुठ्ठ्याची करा नाहीतर थ्रीडी प्रिंट काढा. पहिल्यांदा करत असाल तर डिझेलची करा. चौकोनी खोकं जमतं, वाफेच्या इंजिनाचे हलणारे दांडे नाही जमत.

घेताना काय बघायचं? एक, वीज किती चाकांतून घेते. जितकी जास्त चाकं, तितकं धुळीच्या जागी अडकणं कमी. दोन, इंजिन अगदी हळू चालवून बघा किंवा तसा व्हिडिओ मागा. जोरात कुठलंही पळतं. मुंगीच्या पावलाने न अडखळता चाललं तर गिअर चांगले. तीन, वजन. हलकं इंजिन चढावर चाकं नुसती फिरवत बसतं. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बॉडी स्क्रूने उघडते का आणि गिअर, मोटर सुटी मिळते का. सेकंडहँड घेतलं तर एक चाक हाताने धरून बघा. आसावर गिअर घसरत असेल तर ते तडकलंय, नमस्कार करून परत द्या.

आणि आपल्या अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात इंजिन गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. ग्रीस पातळ होऊन वाहतं, प्लॅस्टिक वाकतं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

खरी शकुंतला आता बंद आहे. तिकडचे लोक ब्रॉडगेजची मागणी करताहेत, आणि ती व्हायलाच हवी. एसटीचं तिकीट न परवडणाऱ्या माणसाची ती गाडी होती. मॉडेलने ती गरज भागत नाही, हे मला माहीत आहे.

पण गेल्या दिवाळीत घरी टेबलावर दोन मीटर रूळ टाकले. काटोची चासी, वर माझी पुठ्ठ्याची बॉडी, रंग थोडा ओघळलेला. आबाजींनी आधी ती उचलली, उलटी केली, स्क्रू मोजले. मग रुळावर ठेवली. गाडी निघाली तसे म्हणाले, "लय जोरात चालली रे. हळू कर. लोकं चढायची हायेत अजून."

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरी शकुंतलेने प्रवास केलेलं कोणी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आजच.