कुंपणाने गेलेलं फुलपाखरू

मागच्या जूनमध्ये सॉमरसेटच्या कॉलर्ड हिलवर पोटावर पडून 'लार्ज ब्लू'चा फोटो काढला. नाव लार्ज, पण पंख मिटले की जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढं!

१९७९ साली ते ब्रिटनमधून नामशेष झालं. संग्राहकांपासून वाचवायला काही कुरणांना कुंपण घातलं होतं. त्याने गुरंही बाहेर राहिली. १९५०च्या दशकात साथीने ससे मेले. गवत वाढलं, जमीन थंडावली आणि ज्या लाल मुंग्यांच्या घरट्यात या फुलपाखराची अळी वाढते, त्या मुंग्याच गेल्या. जेरेमी थॉमस यांना हे उमगेपर्यंत उशीर झाला होता. पुढे १९८०च्या दशकात स्वीडनहून ते पुन्हा आणलं आणि कुरणं चरायला मोकळी केली.

म्हणजे मंडळी, प्रेमाने घातलेलं कुंपणच नडलं.

परतताना वाटेत एक गाय चरत होती. तिला मनोमन नमस्कार केला.