हॉथॉर्न प्रयोग

अमेरिकेतील शिकागो शहरालगतच्या सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांची उत्पादकता आणि कामावरील वर्तन यांविषयी झालेली संशोधनमाला. कामगाराकडून अधिक काम कसे घ्यावे, याचे उत्तर त्या काळी बहुधा फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनात, म्हणजे कामाची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणे आणि त्यानुसार कामाची पद्धत व मजुरी ठरवणे यात, शोधले जाई. दूरध्वनीची साधने बनवणाऱ्या या कारखान्यातील निरीक्षणांमुळे कामगारांचे आपसांतील संबंध हा व्यवस्थापनशास्त्राचा विषय झाला आणि ‘मानवी संबंध’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचारधारेचा पाया घातला गेला.

प्रारंभ प्रकाशयोजनेपासून झाला. दिवे वाढवले की उत्पादन वाढते, हे पडताळताना ज्या गटाचा प्रकाश बदलला नव्हता त्याचेही उत्पादन वाढल्याचे दिसले, आणि एका चाचणीत तर प्रकाश जवळजवळ चांदण्याइतका मंद करूनही काम मंदावले नाही. म्हणून १९२७ मध्ये दूरध्वनी यंत्रणेतील रिले हा भाग जुळवणाऱ्या काही तरुणींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या सुट्या, कामाचे तास आणि अल्पोपाहार यांत क्रमाने बदल करण्यात आले. उत्पादन चढत गेले. सवलती काढून घेतल्यावरही ते पूर्वपदावर आले नाही. मात्र या खोलीतील मजुरीची रीतही बदललेली होती: पूर्वी सुमारे शंभर जणींच्या सामूहिक उत्पादनावर ठरणारी कमाई आता केवळ या लहान गटाच्या उत्पादनावर ठरू लागली, त्यामुळे अधिक श्रमाचा मोबदला थेट हाती पडे. शिवाय गप्पा आवरत नाहीत व सहकार्य करत नाहीत या कारणावरून दोघींना १९२८ च्या आरंभी बदलण्यात आले होते. आपुलकीच्या वागणुकीने उत्पादन वाढले, असे सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकांत या दोन्ही गोष्टी बहुधा गाळलेल्या असतात.

१९२८ ते १९३० या काळात सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. ठरावीक प्रश्नावलीऐवजी कामगाराला हवे ते बोलू देण्याची पद्धत त्यांतूनच रूढ झाली.

संशोधनमालेतील सर्वांत मोलाचा भाग मात्र शेवटचा, आणि तोच सर्वांत कमी उद्धृत केला जातो. नोव्हेंबर १९३१ पासून काही महिने तारजोडणीच्या खोलीत चौदा पुरुष कामगारांचे, म्हणजे नऊ तारा जोडणारे, तीन झाळकाम करणारे आणि दोन तपासनीस यांचे, कोणताही बदल न करता केवळ निरीक्षण करण्यात आले. सामूहिक उक्त्या दराने, म्हणजे गटाने केलेल्या कामाच्या प्रमाणात, मजुरी मिळत असल्याने प्रत्येकाने जास्तीत जास्त काम करावे अशी कंपनीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात दिवसाचे ‘रास्त’ काम किती, हे कामगारांनी आपसांत ठरवून टाकले होते. त्याहून जास्त करणारा दर बिघडवणारा, फार कमी करणारा फुकटखाऊ आणि वरिष्ठांकडे चुगली करणारा सर्वांत वाईट मानला जाई. मर्यादा ओलांडणाऱ्याच्या दंडावर बुक्की मारण्याचीही रीत होती. काम भराभर केले की दर उतरतात किंवा माणसे कमी होतात, ही भीती त्यामागे होती, आणि महामंदीत ती अनाठायी म्हणता येत नाही. याच सुमारास, १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांनी एकेका माणसाकडे अधिक माग व चात्या सोपवण्याच्या योजनांविरुद्ध सुमारे सहा महिने संप केला. तिथे जी गोष्ट उघड लढ्यात दिसली, तीच हॉथॉर्नच्या खोलीत मूकपणे चाललेली होती.

हार्वर्ड विद्यापीठातील ऑस्ट्रेलियन अभ्यासक एल्टन मेयो यांनी या प्रयोगांना प्रसिद्धी दिली. तपशीलवार वृत्तांत मात्र फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांच्या १९३९ मधील ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ या ग्रंथात आहे. आपले निरीक्षण होत आहे या जाणिवेने वर्तन बदलणे, या अर्थी ‘हॉथॉर्न परिणाम’ ही संज्ञा पुढे समाजशास्त्रापासून वैद्यकापर्यंत पसरली. १९६७ मध्ये अ‍ॅलेक्स कॅरी यांनी रिले खोलीच्या निष्कर्षांना पुराव्याचा आधार नसल्याची कठोर टीका केली. प्रकाशचाचण्यांची हरवलेली मानली जाणारी आकडेवारी स्टीव्हन लेविट व जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी शोधून पुन्हा तपासली, तेव्हा प्रकाशाचे बदल बहुधा रविवारी केले जात आणि सोमवारी उत्पादन एरवीही जास्तच असे, हे लक्षात आले.

कारखान्यात मुलाखतींच्या अनुभवावर आधारलेली समुपदेशन योजना १९३६ पासून सुमारे वीस वर्षे चालली. समुपदेशकांनी कामगारांचे ऐकून घ्यावे, पण त्यांच्या तक्रारींवर स्वतः कोणतीही कारवाई करू नये, असा तिचा नियम होता.