सरकारचा शब्द आणि सामान्याची शिल्लक

शिल्लक पडलेला पैसा ठेवावा कोठें, हा प्रश्न पैसा मिळविण्याच्या प्रश्नाइतकाच जुना आहे. बालाघाटाच्या पठारावर, नांदेड-लातूर रस्त्यावर वसलेल्या अहमदपूरसारख्या गांवीं या प्रश्नाचीं उत्तरें पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलीं होतीं. धान्य पेवांत ठेवावें, सोनें अंगावर घालावें, रोकड जमिनीच्या खरेदींत गुंतवावी, आणि त्याउपर कांहीं उरलेंच तर तें ओळखीच्या सावकाराच्या पेढीवर ठेवावें. सरकारला कर्ज द्यावें आणि त्याचें व्याज घ्यावें, हा विचार या यादींत फार उशिरां आला. सरकार म्हणजे घेणारें, सारा घेणारें आणि जकात घेणारें. घेतलेला पैसा ठरल्या दिवशीं व्याजासह परत करणारें सरकारही असूं शकतें, ही कल्पना रुजावयास शंभर-सव्वाशें वर्षें लागलीं.

अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यांत मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या राज्याचा कारभार कर्जावर चाले. परंतु तें कर्ज सामान्य प्रजाजनांकडून घेतलेलें नसे. अरब जमादार, रोहिले आणि बडे सावकार हे राज्याचे धनको असत. आणि त्यांच्या पैशाला तारण म्हणून कागद नव्हे, तर सबंध तालुकेच्या तालुके लावून दिले जात. ज्याच्याकडे तालुका तारण, तोच तेथील सारा वसूल करी. आपली रक्कम व्याजासह शक्य तितक्या लवकर बाहेर काढणें एवढेंच त्याचें धोरण असल्यामुळें राज्याच्या कर्जाचा खरा भार रयतेच्या खळ्यावर पडे. सरकार कर्ज कोणाकडून आणि कोणत्या तारणावर घेतें, हा प्रश्न केवळ दिवाणाच्या दप्तराचा नसून शेतकऱ्याच्या घरचा असतो, याचा दाखला मराठवाड्याला असा कडू अनुभवानें मिळाला.

त्या काळांतील सर्वांत गाजलेलें प्रकरण पामर कंपनीचें. विल्यम पामर या गृहस्थानें हैदराबादेस पेढी घातली, आणि दिवाण चंदुलाल यांच्या अमदानींत ही पेढी राज्याची मुख्य सावकार होऊन बसली. व्याजाचा दर शेंकडा चोवीस-पंचवीसपर्यंत चढे. इ.स. १८२० मध्यें साठ लक्ष रुपयांचें नवें कर्ज ठरलें. त्याच सालीं रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफनें या व्यवहाराची चौकशी आरंभिली. अखेर १८२३ मध्यें असा तोडगा निघाला, कीं उत्तर सरकार प्रांताबद्दल ईस्ट इंडिया कंपनी निजामास जी सात लक्ष रुपयांची वार्षिक पेशकश देत असे, ती कायमची बंद करावी आणि तिच्या मोबदल्यांत एकरकमी १,१६,६६,६६६ रुपये द्यावे. या रकमेंतून पामर कंपनीचें देणें भागविण्यांत आलें. आणि पुढच्याच वर्षीं ती पेढी बुडाली.

या आंकड्यांत एक मर्म दडलेलें आहे. सात लक्ष रुपये वार्षिक उत्पन्न देणारी रक्कम एक कोटी सोळा लक्ष धरली, तर व्याजाचा दर बरोबर शेंकडा सहा पडतो. म्हणजे कंपनी सरकारनें आपल्या बाजूचा हिशेब सहा टक्क्यांनीं केला, आणि ज्याच्यासाठीं तो केला तो निजाम मात्र पामरला त्याच्या तिप्पट-चौपट दर देत होता. मुलूख एकाच देशांतले, काळ एकच. भेद होता तो शब्दाच्या पतीचा. जो ठरल्या दिवशीं देतो त्याला पैसा स्वस्त मिळतो. ज्याचा भरंवसा नाहीं त्याला तो महाग पडतो.

पत गमावलेल्या राज्याची पुढची गतही प्रसिद्ध आहे. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीं सुमारें त्रेचाळीस लक्ष रुपयांचें देणें दाखवून इंग्रजांनीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख आपल्या कारभाराखालीं घेतला. दुआब आणि धाराशिव १८६० मध्यें परत मिळाले. वऱ्हाड परत आलें नाहीं. याच १८५३ सालीं दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनीं तालुके तारण देण्याची पद्धत मोडली, वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे आणली आणि जुनीं देणीं क्रमाक्रमानें फेडलीं. या मुलखांत सरकारी कर्जरोख्याला जी जागा पुढें झाली, तिचा पाया या शिस्तींत आहे.

इंग्रजी मुलखांत सरकारी कर्जाचा कागद तोंवर चांगलाच रुळला होता. याचें मूळ इंग्लंडमध्यें. तेथें १७५१-५२ च्या सुमारास अनेक जुनीं कर्जें एकत्र करून तीन टक्क्यांचे ‘कॉन्सोल’ रोखे काढण्यांत आले, आणि मध्यमवर्गीय कुटुंबें त्यांच्या व्याजावर निर्धास्त राहूं लागलीं. हिंदुस्थानांत असे कागद तीन प्रकारचे असत. पहिला प्रॉमिसरी नोटेचा. ती पाठीमागें सही करून दुसऱ्याच्या नांवें करतां येई. दुसरा स्टॉक सर्टिफिकिटाचा. त्यांत मालकाचें नांव सरकारी वहींत नोंदलेलें असे. तिसरा बेअरर बाँडचा. तो ज्याच्या हातीं त्याचा. व्याज दर सहामाहीस मिळे. १८८२ च्या ट्रस्ट कायद्यानें विश्वस्तांना पैसा गुंतविण्याचीं जीं स्थानें नेमून दिलीं, त्यांत सरकारी कागदाला अग्रस्थान मिळालें. त्यामुळें शाळांचे निधि, देवस्थानांच्या ठेवी, अज्ञान मुलांच्या आणि विधवांच्या रकमा या ‘साडेतीन टक्क्यांच्या कागदांत’ जाऊं लागल्या.

परंतु कागद सुरक्षित असणें वेगळें आणि त्याची किंमत स्थिर असणें वेगळें. ही गोष्ट पहिल्या महायुद्धानें घरोघर शिकविली. सरकारला पैशाची निकड लागली, तेव्हां १९१७ मध्यें पांच टक्क्यांचें आणि त्याहून चढ्या व्याजाचें युद्धकर्ज निघालें. लहान माणसासाठीं पोस्टाचीं कॅश सर्टिफिकिटें आलीं; पावणेआठ रुपये भरावे आणि पांच वर्षांनीं दहा रुपये घ्यावे, असा तो व्यवहार होता. कांहींनीं तीं आपखुशीनें घेतलीं, कांहींनीं मामलेदाराच्या भिडेखातर. पण ज्यांच्या पेटींत जुने साडेतीन टक्क्यांचे कागद होते, त्यांचें काय झालें? बाजारांत पांच टक्के सहज मिळूं लागले, तेव्हां शंभर रुपयांचा साडेतीन टक्क्यांचा कागद कोणी शंभराला घेईना. साधें गणित आहे : साडेतीन रुपये व्याज हें सत्तर रुपयांवर पांच टक्के होतें, म्हणून तो कागद सत्तरालाच विकला जावयाचा. प्रत्यक्षांत युद्धोत्तर मंदीच्या वर्षांत त्याची किंमत याहूनही खालीं, दर्शनी किमतीच्या निम्म्याच्या आसपास घसरली. सरकारनें व्याजाची एक पैही चुकविली नाहीं. तरी मुलीच्या लग्नासाठीं ज्याला त्या वर्षीं कागद विकावा लागला, त्याचें निम्में भांडवल गेलें.

त्याच सुमारास दूर रशियांत याहूनही भयंकर प्रकार घडला. १९१८ च्या आरंभीं बोल्शेव्हिक सरकारनें झारच्या काळांतील सर्व कर्जें रद्द केलीं, आणि ज्या असंख्य फ्रेंच कुटुंबांनीं आपली शिल्लक रशियन रोख्यांत ठेवली होती, त्यांच्या हातीं सुंदर छपाईचे कागद तेवढे राहिले. शब्द देणारी सत्ताच नाहींशी झाली, तर शब्दाला उत्तर द्यावयास कोणी उरत नाहीं.

हैदराबाद संस्थानांतील प्रजेपुढें आणखी एक अडचण होती, ती दोन नाण्यांची. निजामाचा हाली सिक्का निराळा आणि इंग्रजी कलदार निराळा. शंभर कलदार म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, असा सरकारी दर होता. संस्थानच्या कर्जरोख्याचें मुद्दल आणि व्याज हाली सिक्क्यांत. म्हणजे शंभराचा रोखा सोलापुराकडच्या बाजारांत सुमारें ८५ रुपये ११ आण्यांचा. त्यांत दप्तराची भाषा उर्दू. अहमदपुराकडील मराठी वाचणाऱ्या व्यापाऱ्याला वा शिक्षकाला हा व्यवहार परक्या प्रदेशांतल्यासारखाच वाटावा, यांत नवल नाहीं. हाली चलन आणि संस्थानचें सार्वजनिक कर्ज यांची व्यवस्था पाहण्यासाठीं १९४१ च्या कायद्यानें हैदराबाद स्टेट बँक निर्माण झाली. तिचें काम १९४२ मध्यें सुरू झालें.

इंग्रजी मुलखांत याच सुमारास रोखेधारकांवर दुसरा प्रसंग आला. या वेळीं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, त्या पदावरचे पहिले हिंदी गृहस्थ. पैसा स्वस्त झाला होता. म्हणून १९४६ मध्यें सरकारनें साडेतीन टक्क्यांच्या कागदांचें मुद्दल फेडावयास काढलें आणि धारकांना त्याऐवजीं तीन टक्क्यांचें नवें कर्ज घेण्याची मुभा दिली. तिजोरीच्या दृष्टीनें हें शहाणपणाचें होतें. ज्या घराचा प्रपंच त्या व्याजावर चाले, त्याचें उत्पन्न मात्र एक सप्तमांशानें घटलें. किंमत पडली तर धारकाचें नुकसान, आणि दर उतरले तर सरकार कर्ज फेडून मोकळें. निरवधि कागदाचा हा स्वभाव लोकांना पुरता उमगला तो तेव्हां.

पुढच्याच दोन वर्षांत सरकारी रोखा हैदराबादच्या राजकारणांत अगदीं मध्यभागीं येऊन उभा राहिला. नोव्हेंबर १९४७ मध्यें भारताशीं जैसे थे करार झाला. आणि त्यानंतर थोड्याच काळांत उघडकीस आलें, कीं निजाम सरकारनें पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचें कर्ज देऊं केलें असून तें भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपानें द्यावयाचें आहे. भारतानें दिलेलें वचन भारताशीं तंटा चालू असतां तिसऱ्याच्या हातीं जात होतें. दिल्लीनें याला कडक हरकत घेतली. त्या वर्षीं रझाकारांच्या जुलमानें मराठवाड्यांतील अनेक कुटुंबें घरेंदारें सोडून सरहद्दीपलीकडे सोलापूर, नगर, वऱ्हाडाकडे निघून गेलीं. जमीन आणि वाडा बरोबर नेतां येत नाहीं, आणि सोनें वाटेंत लुटलें जातें. सामान्याच्या शिल्लकीला राज्याच्या स्थैर्याहून मोठें तारण नाहीं, हें त्या दिवसांत कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. पुढच्या दशकांत हाली सिक्काही चलनांतून गेला. १९५६ मध्यें अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके बीदरमधून निघून मुंबई राज्यांत आले, १९६० मध्यें महाराष्ट्रांत, आणि १९८२ पासून अहमदपूर लातूर जिल्ह्यांत आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारचें कर्ज कैकपटींनीं वाढलें, पण चमत्कार असा, कीं सामान्य माणूस त्या बाजारांतून जवळजवळ दिसेनासा झाला. १९४९ च्या बँकिंग कायद्यानें बँकांवर आपल्या ठेवींचा ठराविक हिस्सा रोकड, सोनें आणि सरकारी रोखे यांत ठेवण्याचें बंधन घातलें; १९५६ मध्यें आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें आणि तेंही रोख्यांचें मोठें गिऱ्हाईक बनलें. अहमदपूरच्या ठेवीदाराचा पैसा सरकारकडे जात होताच, परंतु बँकेच्या आणि विम्याच्या हातून. मधला दराचा फरक त्या मधल्या हातांत राही. मोठ्या संस्थांच्या बाजारांत सौद्याचा नेहमींचा आंकडा पांच कोटींचा. तेथें पगारदाराला कोण विचारणार?

हें दार पुन्हां किलकिलें झालें तें २००२ मध्यें, लहान खरेदीदारासाठीं लिलावांतील पांच टक्क्यांपर्यंतचा भाग राखून ठेवण्याच्या योजनेनें. आणि पुरतें उघडलें १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं, रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेनें. आतां कोणाही नागरिकाला पॅन क्रमांक, बँकेंतील खातें आणि दूरध्वनी एवढ्या सामग्रीवर रिझर्व्ह बँकेकडे विनामूल्य रोखे-खातें उघडतां येतें. किमान खरेदी दहा हजार रुपयांची. लिलावांत स्वतः भाव बोलावा लागत नाहीं. मोठ्या संस्थांच्या बोलींतून जो सरासरी भाव ठरतो, तोच लहान खरेदीदारास मिळतो. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांचीं ट्रेझरी बिलें कमी किमतीस मिळून मुदतीअखेर पूर्ण रक्कम देतात. दीर्घ मुदतीच्या रोख्यांचें व्याज पूर्वीप्रमाणेंच सहामाही असतें. प्रॉमिसरी नोटेच्या पाठीवरील सह्यांची जागा आतां वहींतील नोंदीनें घेतली आहे.

व्यवहाराचीं साधनें पालटलीं तरी १९२१ चें आणि १९४६ चें गणित तसेंच आहे. मुदतीपर्यंत रोखा जवळ ठेवणाऱ्यास मुद्दल निश्चित परत मिळतें. मध्येंच विकणाऱ्यास त्या दिवसाचा बाजारभाव स्वीकारावा लागतो, आणि दर चढलेले असतील तर तो खरेदीहून कमी असतो. लहान रकमेला गिऱ्हाईक तत्काळ मिळेलच असें नाहीं. व्याजावर प्राप्तीकर आहे. आणि महागाई व्याजाहून वेगानें वाढली, तर परत आलेल्या रुपयांत पूर्वीइतकें धान्य येत नाहीं. म्हणून जो पैसा ज्या वर्षीं लागणार, त्याच वर्षीं ज्याची मुदत संपेल असा रोखा घेणें, हीच यांतली जुनी आणि खरी युक्ति होय.

चंदुलालांच्या काळीं राज्याला पैसा हवा असे, तेव्हां तालुका तारण जाई आणि रयत पिळली जाई. आज त्याच मुलखांतील शिक्षक, दुकानदार वा सेवानिवृत्त गृहस्थ दहा हजार रुपये देऊन त्याच जातीच्या गरजेचा धनको होऊं शकतो. आणि त्याचें तारण कोणाचें खळें नसून राज्याचा शब्द आहे. त्या शब्दाची पत दर सहामाहीस व्याजाच्या नोंदीनें पुन्हां सिद्ध व्हावी लागते. आणि ती राखली जाते कीं नाहीं, हें पाहण्याचें काम आतां केवळ रेसिडेंटाचें वा दिवाणाचें राहिलेलें नाहीं, तें त्या धनकोचेंही आहे.