व्हिटॅमिन के, वॉरफेरिन आणि प्रथिनं तोडणारा इलेक्ट्रॉन

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना आम्ही वॉरफेरिन देतो. लोक तिला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतात. प्रत्यक्षात रक्ताचा दाटपणा तिने बदलत नाही. प्रोथ्रॉम्बिनसारखी रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतात तयार होतात. तिथे त्यांच्यातल्या काही ग्लुटामिक आम्लांना व्हिटॅमिन केच्या मदतीने एक जादा कार्बोक्सिल गट जोडला जातो. त्यामुळेच ही प्रथिनं कॅल्शियम धरून ठेवतात आणि आपलं काम करतात. वॉरफेरिन ही जोडणी अडवतं.

हा जादा गट १९७४ पर्यंत शास्त्रज्ञांना दिसलाच नव्हता. का? कारण त्या काळी प्रथिनांचं विश्लेषण करताना ती आम्लात उकळत असत, आणि त्यात हा गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाई. म्हणजे तपासणीच पुरावा नष्ट करत होती!

पुढे मास स्पेक्ट्रोमेट्री आली. हा रेणूंचं वजन करणारा तराजू समजा. मोठी प्रथिनं न मोडता त्यावर चढवण्याची इलेक्ट्रोस्प्रे ही रीत जॉन फेन यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. त्यासाठी त्यांना २००२चं नोबेल मिळालं. वजन ४४ डाल्टनने जास्त भरलं, तर एक जादा गट आहे हे कळतं. पण तो नेमका कुठे आहे? ते शोधायला प्रथिनाचे तुकडे करून प्रत्येकाचं वजन करावं लागतं.

तुकडे करण्याची रूढ पद्धत म्हणजे प्रथिन वायूच्या रेणूंवर आदळवणं. इथे जुनीच अडचण पुन्हा आली. मोहोरलेल्या आंब्याची फांदी गदागदा हलवली तर फांदी तुटण्याआधी मोहोर गळतो. तसंच धक्क्याची ऊर्जा रेणूभर पसरते आणि सर्वांत नाजूक बंध आधी तुटतो. हा कार्बोक्सिल गट, फॉस्फेट, साखरेच्या साखळ्या सहज गळून पडतात.

वाट सापडली १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. रोमन झुबारेव्ह, नील केलेहर आणि फ्रेड मॅकलॅफर्टी यांनी धन प्रभार असलेल्या प्रथिनांना अगदी कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन दिले. इलेक्ट्रॉन पकडताच प्रथिनाचा कणा नायट्रोजन आणि त्याच्या शेजारच्या कार्बनमध्ये तुटला, पण बाजूचे नाजूक गट जागेवर राहिले. असं का होतं, यावर पुढे बराच वाद झाला. पद्धतीचं नाव पडलं 'इलेक्ट्रॉन कॅप्चर डिसोसिएशन'. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, तिने व्हिटॅमिन केवर अवलंबून असलेला तो गट नेमका कुठल्या जागी आहे हे दाखवून दिलं.

अडचण होती खर्चाची. त्यासाठी अतिवाहक चुंबक असलेलं महागडं यंत्र लागे. साध्या आयन ट्रॅपमध्ये हलके इलेक्ट्रॉन टिकत नसत. २००४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात डोनाल्ड हंट यांच्या गटाने तोडगा काढला: सुटा इलेक्ट्रॉन देण्याऐवजी अँथ्रासीनच्या ऋण आयनाच्या पाठीवर बसवून तो पाठवायचा. ही 'इलेक्ट्रॉन ट्रान्सफर डिसोसिएशन' पद्धत अनेक प्रयोगशाळांना परवडू लागली.

मर्यादाही आहे. इलेक्ट्रॉन घेतला की प्रथिनाचा एक धन प्रभार कमी होतो. मुळात एकच प्रभार असेल तर तुकडे यंत्राला दिसतच नाहीत. म्हणून अनेक प्रभार देणारी इलेक्ट्रोस्प्रे इथे सोयीची.

याचा रुग्णाला काय उपयोग? ही तपासणी तुमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत नाही आणि कुणी ती लिहूनही देणार नाही. पण पेशींमधल्या कामांची बटणं बऱ्याचदा प्रथिनावरचा एखादा फॉस्फेटच चालू-बंद करतो, आणि कर्करोगात हीच बटणं बिघडतात. कुठलं बटण कुठे आहे हे कळल्याशिवाय त्यावर नेमकं औषध शोधणं कठीण.

वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मात्र आयएनआर ही साधी तपासणी वेळेवर करावी, पालेभाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं आणि डोस स्वतःच्या मनाने बदलू नये.